खारपाणपट्ट्यात डिशवॉशर: मीठ, पाणी आणि भांडी लावायची पद्धत

‘घरी बोअरचं पाणी आहे, डिशवॉशर घेऊ की नको?’ बुलढाणा जिल्ह्यातून मला येणाऱ्या प्रश्नांमध्ये हा नेहमीचा. उत्तर सोपं आहे: घ्या, चालतं. फक्त मशीन बसवून बटण दाबलं की काम झालं, असं आपल्याकडं होत नाही. पुण्या-मुंबईच्या नळाचं पाणी आणि आपलं पाणी यांत फार फरक आहे आणि बहुतेक तक्रारींचं मूळ त्या फरकात असतं.

माझ्या आत्याचं गाव शेगावच्या पुढं, पूर्णेच्या बाजूला. तिच्या बोटांना संधिवात. मुलानं नोकरी लागल्यावर हौसेनं डिशवॉशर घेऊन दिलं. दोन महिन्यांनी मी गेलो तर मशीनवर टेबलक्लॉथ अंथरलेला आणि त्यावर मिक्सर ठेवलेला. ‘भांडे पांढरेफट निंघतात बाप्पा, त्यापेक्षा हातानं घासलेले बरे,’ असं तिचं म्हणणं. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. बसवायला आलेल्या माणसानं पाण्याचं सेटिंग कारखान्यातून आलं तसंच ठेवलं होतं आणि मिठाचा कप्पा कोरडा होता. पाणी तपासून आकडा बदलला, मीठ भरलं, तेव्हापासून तिची रोजची स्टीलची भांडी मशीनमध्येच जातात. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू टेबल म्हणून वापरायची नसेल तर आधी पाण्याचं गणित समजून घेऊ.

घाटावरचं पाणी, घाटाखालचं पाणी

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलतानाही वेगळे धरतो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, संग्रामपूर, जळगाव जामोद. घाटावर जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्यातून झिरपणाऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. यालाच जड पाणी म्हणतात. शाळेच्या पुस्तकातलं ‘दुष्फेन पाणी’ ते हेच, ज्यात साबणाला फेस येत नाही.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली बरीच गावं त्यात येतात. इथल्या भूजलात जडपणाशिवाय सोडियमचे क्षारही भरपूर असतात. म्हणजे पाणी जडही असू शकतं आणि खारटही. मशीनच्या दृष्टीनं हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि दोघांवर एकच इलाज चालत नाही.

गावात धरणाचं पाणी नळाला येत असेल, म्हणजे बुलढाणा शहरात येळगाव धरणाचं किंवा सातपुड्याच्या बाजूच्या काही गावांत वान धरणाचं, तर मशीनची जोडणी त्याच टाकीवरून घ्या. बोअरची आणि नळाची टाकी वेगळी असेल तर हे एक काम केल्यानंच अर्धा त्रास संपतो.

टीडीएस मीटरवर विसंबू नका

ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर बहुतेकांकडे असतो. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो. त्यातलं कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे त्याला कळत नाही. डिशवॉशरला हवा असतो तो फक्त जडपणाचा आकडा. त्यासाठी जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या किंवा थेंब टाकून रंग बदलणारं किट घ्या, नाहीतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी तपासून घ्या. अहवालात ‘एकूण कठीणता’ असं लिहिलेलं असतं, आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये.

बऱ्याच मशीनच्या पुस्तकात मात्र जडपणा जर्मन डिग्रीत दिलेला असतो आणि इथं लोक गोंधळतात. अहवालातल्या आकड्याला १७.८ नं भागा. ४५० मिलिग्रॅम असेल तर साधारण २५ डिग्री, ६०० असेल तर जवळजवळ ३४. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा ६००. अनेक मशीनमध्ये सेटिंग ५० डिग्रीपर्यंत जातं, म्हणजे ८९० मिलिग्रॅम. त्यामुळं बहुतेक बोअर या मर्यादेत बसायला हरकत नाही. बसत नसेल तर मशीनच्या आधी वेगळा सॉफ्टनर लावावा लागेल आणि तो खर्च मशीन घेण्याआधीच धरलेला बरा.

आरओचं पाणी जोडता येईल का, असंही विचारतात. घरगुती आरओ तासाला १०-१५ लिटर पाणी देतो, मशीन त्यापेक्षा खूप वेगानं पाणी मागतं. पाणी वेळेत आलं नाही म्हणून मशीन एरर दाखवून थांबेल.

खाऱ्या पाण्यात आणखी मीठ कशाला?

हा आत्याचा प्रश्न, आणि अगदी रास्त. मशीनच्या तळाशी एक छोटा सॉफ्टनर असतो, त्यात राळेचे बारीक मणी भरलेले असतात. या मण्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यांच्यावरून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. पाणी मऊ होतं. काही दिवसांनी मणी कॅल्शियमनं भरतात. मग मशीन कप्प्यातल्या मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून फिरवतं, कॅल्शियम सुटून मोरीत जातं आणि मणी पुन्हा ताजे होतात. हे मिठाचं पाणी भांड्यांवर येत नाही, म्हणून भांडी खारट लागत नाहीत.

मीठ डिशवॉशरचंच, जाड खड्यांचं घ्या. जेवणातल्या बारीक मिठात आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यानं सॉफ्टनर तुंबतो. पहिल्या वेळी कप्प्यात आधी पाणी भरायचं, मग साधारण किलोभर मीठ. पुढच्या वेळी फक्त मीठ. भरताना थोडं बाहेर सांडतंच, आणि ते तसंच राहिलं तर आतल्या स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात, म्हणून मीठ भरलं की लगेच एक सायकल चालवा.

‘ऑल इन वन’ टॅब्लेटवर ‘मीठ लागत नाही’ असं लिहिलेलं असतं. ते साधारण २१ डिग्रीपर्यंत ठीक आहे. आपल्याकडच्या बोअरला त्याच्या भरवशावर राहू नका.

पांढरे डाग: तीन प्रकार, तीन कारणं

डाग दिसला की लोक पावडर वाढवतात. त्याआधी काचेचा एक डागाळलेला ग्लास घ्या आणि ओल्या फडक्यानं पुसा. डाग लगेच गेला तर तो सोडियमच्या क्षाराचा, खाऱ्या पाण्याचा. सॉफ्टनर हा क्षार काढू शकत नाही. रिन्स एड वाढवा. त्यानं पाण्याचे थेंब न धरता सरळ ओघळून जातात, त्यामुळं डाग कमी पडतात. फडक्यानं गेला नाही तर त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळा. मग गेला तर तो चुना. जडपणाचं सेटिंग एक पायरी वाढवा, मीठ आहे का बघा. लिंबानंही जात नसेल आणि काच धुरकट, हलकी इंद्रधनुषी दिसत असेल तर काचच झिजली आहे. ती परत येत नाही. असं सहसा पाणी फार मऊ असताना, तापमान जास्त ठेवल्यावर आणि पावडर जास्त झाल्यावर होतं. म्हणूनच सेटिंग उगाच सगळ्यात वर नेऊन ठेवायचं नसतं.

टीडीएस २००० च्या वर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, त्या पाण्यावर मशीन लावू नका. इतक्या क्लोराइडनं स्टीलला बारीक खड्डे पडायला लागतात आणि त्यावर मिठाचा कप्पा काही करू शकत नाही.

भांडी लावताना

डिशवॉशर घासत नाही. ते खालून गरम पाण्याचा मारा करतं, एवढंच. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यातही भांडी तारेच्या जाळीत बसवून पाण्याच्या जोरावर धुतली जात होती. आजही तत्त्व तेच आहे. ज्या जागेला पाणी थेट लागतं ती निघते, जी जागा दुसऱ्या भांड्याच्या आड जाते ती तशीच राहते. भांडी लावायचे सगळे नियम यातूनच निघतात.

खालच्या जाळीत गंज, पातेली, कुकरचं स्टीलचं भांडं, ताटं. सगळ्यांची तोंडं खाली आणि मधल्या बाजूला कललेली. ताटं दातऱ्यांमध्ये उभी, दोन ताटांच्या मध्ये हवा दिसली पाहिजे. आपली ताटं खोलगट, काठाची असतात, त्यामुळं प्रत्येक खाचेत एक बसवलं तर ती एकमेकांना चिकटतात. एक खाच सोडून लावा. कढई कोपऱ्यात तिरकी. पालथी सपाट ठेवली तर वरच्या जाळीला जाणारं पाणीच अडतं. परात घातलीच तर अगदी बाजूला. दारासमोर उभी केली तर पावडरच्या कप्प्याचं झाकण उघडतच नाही आणि तासाभरानं कळतं की पावडर तशीच गोळा होऊन बसलीय.

वरच्या जाळीत वाट्या, पेले, कप, प्लास्टिकचे डबे. वाटी वाटीत घालू नका. आपल्याकडं मांडणीला तशी सवय असते, म्हणून ही चूक घरोघरी दिसते. ग्लास दातऱ्यांच्या मध्ये ठेवा, दातऱ्यावर खोचून नको. हलकं प्लास्टिक उडून खाली पडू नये म्हणून त्यावर जड काहीतरी टेकवा. चमचे थोडे उलटे, थोडे सुलटे, म्हणजे एकात एक बसणार नाहीत. डाव आणि सराटा वरच्या जाळीत आडवे.

दार लावण्याआधी वरचा आणि खालचा फवारा बोटानं फिरवून बघा. कुठं अडत असेल तर ते भांडं हलवा. पाच सेकंदांचं काम आहे, पण ‘मशीन नीट धूत नाही’ या तक्रारीत निम्म्या वेळा फवारा एखाद्या पळीच्या दांड्याला अडलेला असतो.

भांडी आधी धुऊन घालायची गरज नाही. खरकटं, हाडं, कढीपत्ता, मिरचीचे देठ तेवढे काढा. रस्सा-भाजीचं किंवा कचोरीच्या कढईतलं मोकळं तेल कागदानं पुसा. बाकीचं राहू द्या, कारण पावडरमधली एन्झाइम्स पीठ आणि डाळ यांच्यावरच काम करतात. अपवाद दोन. कणीक वाळलेली परात आणि करपलेल्या पिठल्याची खरवड. ती आधी पाण्यात भिजवा. भांडी दुपारपासून रात्रीपर्यंत साठवत असाल तर मधे नुसत्या पाण्याचा छोटा प्रोग्रॅम फिरवा, म्हणजे भात वाळून चिकटणार नाही.

हळदीनं पिवळा झालेला प्लास्टिकचा डबा मशीनमधून पांढरा होईल ही आशा सोडा. तो दोन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. आपल्याकडं उन्हाची काही कमतरता नाही.

काय घालायचं नाही

ॲल्युमिनियम आणि हिंडालियम पहिल्या नंबरवर. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कलीची असते, त्यात ॲल्युमिनियम काळपट पडतं आणि नंतर हाताला काळं लागतं. जुने कुकर आणि चहाची पातेली याच धातूची असतात, तेव्हा घालण्याआधी खात्री करा. तांब्या-पितळेची भांडी, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट-लाटणं, काठवट, मातीची भांडी हातानंच. मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखालच्या बेअरिंगमध्ये पाणी जातं, म्हणून तेही नको. थर्मासची बाटली आणि दुहेरी भिंतीचा गरम राहणारा डबाही बाहेरच ठेवा. कुकरच्या झाकणाची शिट्टी आणि रबरी रिंग काढून हातानं धुवा, कारण झाकणाच्या भोकात अन्नाचा कण अडकला तर पुढचा धोका मोठा आहे.

खामगावची चांदी ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती या मशीनपासून लांबच ठेवावी. चांदी काळवंडते आणि स्टीलच्या चमच्यांना टेकून धुतली गेली तर डाग आणखी पडतात.

वीज, दाब आणि फोन

मशीनचा हीटर साधारण दोन किलोवॉटचा असतो. त्यामुळं १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून पावसाळ्यात तपासलं होतं यावर राहू नका. घरचा नेहमीचा इन्व्हर्टर हे ओढत नाही. मधेच लाइट गेली तर बहुतेक मशीन जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. तोवर दार उघडू नका. आत ६०-७० अंशांचं पाणी आणि वाफ असते.

इको प्रोग्रॅम तीन-चार तास चालतो म्हणून लोक घाबरतात. तो पाणी कमी तापवतो आणि त्याबदल्यात भांडी जास्त वेळ भिजवतो, म्हणून वीज कमी लागते. तेलकट भांड्यांना मात्र गरम, जोरकस प्रोग्रॅमच घ्या. घरी महावितरणचा टीओडी स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला सवलत मिळते, तेव्हा रात्रीची भांडी सकाळी लावणं परवडतं. मशीनमध्ये उशिरा सुरू करायची सोय असतेच.

पाण्याचा दाब हा विसरला जाणारा मुद्दा. दहा मीटर उंचीच्या टाकीतून साधारण एक बार दाब मिळतो. स्लॅबवरची टाकी ओट्यापासून तीन-चार मीटरच वर असते, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. कित्येक मशीनना किमान ०.५ लागतो. आकडा पुस्तकात बघा, कमी पडत असेल तर छोटा प्रेशर पंप लावा.

पुस्तक हरवलं असेल तर दाराच्या कडेवर मॉडेल नंबर असतो, त्याचा फोटो काढून कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवा आणि जडपणाच्या तक्त्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. ॲपवरून मशीन चालवायचं असेल तर वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागतं, अनेक मशीन फक्त तेच पकडतात. ॲपची खरी सोय म्हणजे मीठ संपल्याची सूचना तुमच्या फोनवर येते. तुम्ही पुण्यात आणि आई गावाकडं असेल तर याचा उपयोग होतो.

लहान मुलं आणि सुऱ्या

रंगीत टॅब्लेट मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. उंचावर, बंद डब्यात ठेवा आणि दार लावायच्या अगदी आधी कप्प्यात टाका, कोरड्या हातानं. मुलानं तोंडात घातलीच तर तोंड पाण्यानं धुवा, उलटी करवू नका, कारण जळजळ करणारा पदार्थ परत वर येताना घसा पुन्हा भाजतो. टॅब्लेटचं पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा. सुरी नेहमी टोक खाली करून ठेवा. उघडं दार म्हणजे पायरी नव्हे, त्यावर मूल चढलं तर मशीन पुढं कलंडू शकतं. हात धुवायचा किंवा भांड्यांचा साधा लिक्विड साबण मशीनमध्ये कधीच नको, फेस दारातून बाहेर येतो.

आठवड्याचं आणि महिन्याचं काम

तळातला फिल्टर आठवड्यातून एकदा फिरवून काढा, नळाखाली जुन्या टूथब्रशनं घासा आणि घट्ट बसवा. सैल बसला तर कण पंपात जातात. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये तीन-चार चमचे लिंबूसत्त्व टाकून गरम सायकल चालवा, पावडर न घालता. किराणा दुकानात ते सहज मिळतं. त्यासोबत ब्लीच कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. सायकल झाल्यावर अर्ध्या तासानं दार किलकिलं करा आणि आधी खालची जाळी रिकामी करा, नाहीतर वरच्या वाट्यांच्या बुडावर साठलेलं पाणी खालच्या वाळलेल्या ताटांवर सांडतं.

एका सायकलला साधारण १०-१२ लिटर पाणी लागतं. वाहत्या नळाखाली भांडी घासणाऱ्या घरात यानं खूप पाणी वाचेल. दोन घमेल्यांत सगळं आटोपणाऱ्या घरात फारसा फरक पडणार नाही, तिथं वाचतात ते हात. आणि पाणी वाचवायचं म्हणून मशीनचा निचरा परसातल्या कढीपत्त्याला किंवा मेथीच्या वाफ्याला सोडू नका. त्यात पावडरची अल्कली असते आणि सॉफ्टनर धुतल्यावरचं सोडियमही. खारपाणपट्ट्यातली काळी जमीन सोडियमनंच घट्ट होऊन तिच्यात पाणी मुरेनासं झालं आहे. हा पाइप मोरीतच गेला पाहिजे, आणि जाताना जमिनीपासून निदान ४० सेंटिमीटर वर वळवून, म्हणजे घाण पाणी उलटं मशीनमध्ये येत नाही.